पुशबॅक: कॉकपिट आणि खाली उभा असलेला हेडसेटवाला

एप्रनवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

प्रवासाच्या गप्पांच्या धाग्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "विमानाची दारं लागतात, पट्टे बांधून होतात, तरी दहा-दहा मिनिटं विमान जागचं हलत नाही. मग अचानक मागे सरकायला लागतं. मधल्या वेळात खाली काय चाललेलं असतं?" तिथे दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर ते अर्धवट राहिलं असतं, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी मुंबई विमानतळावर लाइन मेंटेनन्समध्ये, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या देखभालीत, आयुष्य काढलंय. त्यातला मोठा काळ हेडसेट कानावर चढवून पुढच्या चाकापाशी उभा होतो. या कामाबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, आणि लिहायला हवं असं मनापासून वाटतं. इथे माणसं दगावली आहेत.

आधी मूळ गोष्ट. विमानाची चाकं इंजिनावर फिरत नाहीत. इंजिन हवा मागे फेकतं म्हणून विमान पुढे जातं. टर्मिनलकडे नाक करून उभं असलेलं जेट मागे घ्यायचं (हाच पुशबॅक) तर टग, म्हणजे ढकलणारा ट्रॅक्टर, लागतो. टग आणि नोजव्हील (विमानाचं पुढचं चाक) यांना जोडणारा लांब दांडा म्हणजे टो-बार. काही नवे टग बारशिवायचे असतात, ते पुढचं चाकच उचलून धरतात.

या कामात कुणाला काय कळतं ते बघा. पायलटला एटीसी (विमानांना परवानगी देणारा नियंत्रण कक्ष) ऐकू येते, पण शेपटीमागे काय आहे ते दिसत नाही. हेडसेटवाल्याला मागचं बरंचसं दिसतं, पण एटीसी ऐकू येत नाही. टगच्या ड्रायव्हरची नजर नोजव्हीलवर आणि हेडसेटवाल्याच्या हातावर. जागा अडचणीची असेल तर पंखांच्या टोकांशी विंग वॉकर असतात, त्यांना आपापल्या बाजूचा पंख तेवढा दिसतो. अख्खं चित्र एकाकडेही नसतं. ते जोडलं जातं एका वायरवरच्या बोलण्यातून.

नोजव्हीलजवळच्या पॅनेलमध्ये हेडसेटचा जॅक घातला की "ग्राउंड टू कॉकपिट" अशी हाक द्यायची. मग सांगायचं: दारं बंद, टो-बार लागला, बायपास पिन इन, चॉक्स (चाकांना लावलेले अडसर) ऑफ, रेडी फॉर पुशबॅक. वरून बहुतेक वेळा पहिलं उत्तर येतं "स्टँडबाय". हीच तुमची ती दहा मिनिटं. एटीसीकडून परवानगी आली की वरून आवाज येतो, "क्लिअर टु पुश, फेसिंग वेस्ट." विमानाचं नाक शेवटी कुठे हवंय ते इथेच ठरतं, म्हणून दिशा मी परत उच्चारून दाखवायची. "कन्फर्म ब्रेक्स रिलीज्ड?" "ब्रेक्स रिलीज्ड." आणि मगच ड्रायव्हरला हात. मागे जाता जाता कॅप्टन विचारतो, इंजिन चालू करू का, मी मागे-पुढे बघून सांगतो, "क्लिअर टु स्टार्ट." मग "पुशबॅक कम्प्लीटेड, सेट ब्रेक्स", "ब्रेक्स सेट, क्लिअर टु डिस्कनेक्ट." टो-बार सुटतो, टग बाजूला होतो, मी म्हणतो, "डिस्कनेक्टिंग, डाव्या बाजूला दिसेन." आणि जॅक उपटतो.

त्या क्षणी बोलणं संपतं. दोन्ही इंजिनं चालू आहेत, विमानाला आता कुणी धरलेलं नाही, आणि मी अजून नाकाखालीच आहे. तिथून चालत बाहेर येऊन कॅप्टनला दिसेल अशा जागी उभं राहायचं, बायपास पिन लाल फितीसकट वर धरून दाखवायची, अंगठा दाखवायचा. कॅप्टननं हात करून उत्तर दिलं की मग विमान हलणार. पुशबॅकमधला सगळ्यात नाजूक तुकडा हाच आहे, आणि सगळ्यात जास्त घाई नेमकी इथेच होते.

१६ डिसेंबर २०१५ ची रात्र मुंबईच्या एप्रनवरचा, म्हणजे विमानं उभी असतात त्या आवारातला, कुणीही विसरणार नाही. एअर इंडियाचं हैदराबादला जाणारं एअरबस ए३१९. पुशबॅक झाला होता. खालच्या माणसांकडून मोकळं असल्याचा इशारा येण्याआधी विमान हललं आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. ए३१९ हे ए३२० चं आखूड भावंड. पुढचं चाक आणि मुख्य चाकं यांतलं अंतर ए३२० मध्ये १२.६४ मीटर, ए३१९ मध्ये ११.०४. नाकापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीनं इंजिन दीड मीटरनं जवळ. इंजिन नुसतं आयडलवर, म्हणजे जोर न देता चालू, असलं तरी त्याच्या तोंडापुढच्या साडेचार-पाच मीटरच्या टापूत जायचं नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. विमान हलवायला जोर दिला की हा टापू आणखी वाढतो.

प्रश्न असतील तर विचारा. पायलट मंडळी इथे असतील तर त्यांनी वरची बाजू जरूर लिहावी.

खिडकीची_सीट

काका, प्रश्न विचारणारी ताई मीच. इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. तो लाल फीत धरून उभा असलेला माणूस मी कित्येकदा पाहिलाय. मला वाटायचं तो निरोप देतोय. ती पिन नक्की कशाची? आणि ती दाखवायची कशासाठी?

एप्रनवाला

ताई, चांगला प्रश्न. नोजव्हील वळवायला हायड्रॉलिक दाब असतो आणि त्याचा ताबा कॉकपिटमधल्या टिलरकडे, म्हणजे चाक वळवायच्या मुठीकडे. टग विमान ढकलत असताना वर कुणाचा हात टिलरला लागला तर चाक हायड्रॉलिकच्या जोरावर वळेल आणि टो-बार आडवा फेकला जाईल. शेजारी चालणाऱ्या माणसाचे पाय मोडतील. म्हणून पुढच्या पायावरच्या एका लिव्हरमध्ये ही पिन घालतात, म्हणजे स्टीअरिंगचा दाब तुटतो. पिन आहे बोटाएवढी, पण तिची फीत लांबून दिसते.

काम झालं की पिन काढायची आणि कॅप्टनला दाखवायची. म्हणजे त्याला कळतं की स्टीअरिंग परत त्याच्या ताब्यात आलंय आणि पिन, टो-बार, माणूस, तिन्ही विमानापासून लांब आहेत. निरोप म्हणालात तेही खोटं नाही. बरेच जण पिन दाखवून झाल्यावर हात हलवतात. मीही हलवायचो.

बोरीवलीकर

उत्तम धागा. एक जुनी शंका. ए३२० मध्ये बसलं की विमान सुटायच्या वेळी जमिनीखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो. शेजारचे लोक घाबरतात. हा पुशबॅकचाच भाग का?

डावी_सीट

बोरीवलीकर, तो आवाज पीटीयूचा, म्हणजे पॉवर ट्रान्स्फर युनिटचा. विमानात वेगवेगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा असतात. एकीतला दाब कमी असेल तर दुसरीच्या जोरावर तिला चालवणारा हा पंप. दुसरं इंजिन चालू होताना तो स्वतःची चाचणी घेतो, तेव्हा तुम्हाला ऐकू येतो. घाबरायचं काही कारण नाही.

एप्रनवाला, मी ए३२० वर कॅप्टन आहे. तुम्ही पायलटांना बोलावलंत म्हणून वरची बाजू लिहितो.

आधी ती दहा मिनिटं. मुंबईत आम्ही एटीसीला "रेडी" म्हटलं तरी लगेच ढकलता येत नाही. आम्हाला टीसॅट मिळतो, म्हणजे स्टार्टअपची ठरवून दिलेली वेळ. सगळ्यांनी एकदम इंजिनं चालू करून टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे जायच्या वाटेवर) रांगा लावण्यापेक्षा बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागी, थांबलेलं बरं, इंधन वाचतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात. ११ नोव्हेंबर २०२३ ला तिथे चोवीस तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली. अशा ठिकाणी आमचा पुशबॅक चालू असतो तेव्हा मागे कुणीतरी खोळंबलेलं असतंच.

ढकलत असताना आमचे पाय ब्रेकवर नसतात, आणि नसायलाच हवेत. टग ढकलतोय आणि वरून मी ब्रेक दाबला तर टो-बारची शिअर पिन तुटते. ती पिन मुद्दाम कच्ची ठेवलेली असते, म्हणजे नोजगिअर (विमानाचा पुढचा पाय) वाचावा. मागे चाललेल्या विमानात जोरात ब्रेक लागला तर शेपूट खाली बसायचाही धोका. म्हणून हेडसेटवरून "सेट ब्रेक्स" असे शब्द आल्याशिवाय माझा हात पार्किंग ब्रेककडे जात नाही. विमान थांबल्यासारखं वाटलं, म्हणून ब्रेक लावला, असं चालत नाही.

स्क्रीनवर आम्हाला एक संदेश दिसतो, नोजव्हील स्टीअरिंग तोडलेलं आहे असा. आधी हिरवा असतो, पहिलं इंजिन चालू झालं की पिवळसर होतो. पिन निघाली की संदेश जातो. पण संदेश गेला म्हणजे माणूस लांब गेला असं नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं. याबाबतीत एप्रनवाला यांच्याशी शंभर टक्के सहमत.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं सांगतो. घाई फक्त वरूनच होते असं नाही. कित्येकदा खालचा माणूस जॅक काढतो आणि सरळ टगवर बसून निघून जातो. ना पिन दाखवली, ना अंगठा. मग आम्ही काय करायचं? मागून एटीसी विचारतेय, टॅक्सीसाठी (आपल्या जोरावर जमिनीवरून पुढे जायला) तयार का? अशा वेळी मी हलत नाही, खालच्यांना परत बोलावतो. दोन-चार मिनिटं जातात. जाऊ देत. पण सगळेच असं करतात का, हा प्रश्न आहेच.

एप्रनवाला

कॅप्टनसाहेब, खरं लिहिलंत आणि बरं केलंत. माणूस निघून जातो कारण पुढच्या बेवर त्याचं दुसरं विमान लागलेलं असतं. पाळीत माणसं कमी असली की एक जण दोन-तीन विमानं सांभाळतो. सुपरवायझर वॉकीटॉकीवर ओरडत असतो. त्या माणसाचा दोष नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याला असं पळवणाऱ्याचा दोष मोठा आहे. माझ्या हाताखालच्या पोरांना मी सांगायचो, पुढच्या विमानाला उशीर झाला तर शिव्या मी खाईन, पण पिन दाखवल्याशिवाय आणि कॅप्टनचा हात पाहिल्याशिवाय जागा सोडायची नाही.

विमानवेडा

दोन्ही बाजू वाचून एक सुचतंय. मूळ अडचण अशी की खालच्या माणसाला एटीसी ऐकू येत नाही. मग त्याच्या हेडसेटमध्ये एटीसीची फ्रीक्वेन्सी का देत नाहीत? शेजारच्या बेमधलं विमान पण ढकललं जातंय हे त्याला आधीच कळेल.

डावी_सीट

कल्पना चांगली वाटते, पण मला पटत नाही. गर्दीच्या वेळी ग्राउंड फ्रीक्वेन्सीवर एक सेकंद रिकामा नसतो. त्यात दुसऱ्याच विमानाला दिलेला "पुशबॅक अप्रूव्ह्ड" ऐकून खालच्यानं हात वर केला तर? हुकूम एकाच तोंडून आलेला बरा. खालच्याला परवानगी मी देणार, मला एटीसी देणार.

वाळवंटातली

मी आखाती देशातल्या एका मोठ्या विमानतळावर रॅम्पवर (म्हणजे एप्रनवरच) आहे, मूळची साताऱ्याची. विमानवेडा यांच्या सूचनेला माझा अर्धा पाठिंबा. हेडसेटवाल्याला नको, पण एप्रनचं नियंत्रण करणाऱ्याला दोन्हीकडचं ऐकू यायला हवं. आमच्याकडे तशी सोय आहे आणि शेजारशेजारचे पुशबॅक त्यामुळे सांभाळले जातात.

आमच्या पाळीत नेपाळी, केनियन, फिलिपिनो, केरळी, बांगलादेशी, सगळे असतात. वर पायलट ब्राझीलचा नाहीतर कोरियाचा. त्यामुळे आमच्याकडे ठरलेल्या वाक्यांबाहेर कुणी जात नाही. आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या डॉक्युमेंट ४४४४ मध्ये ही वाक्यं छापलेली आहेत: तयार आहात का, ब्रेक सोडल्याची खात्री करा, पुशबॅक सुरू करतोय, थांबवा, ब्रेक लावल्याची खात्री करा, डिस्कनेक्ट. तुमच्या धाग्यातलं "डाव्या बाजूला दिसेन" हेसुद्धा तिथूनच आलंय. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या ग्राउंड ऑपरेशन्स मॅन्युअलमध्येही तेच, सोबत हातवारे.

मुंबईत मी थोडे दिवस काम केलंय. तिथे हिंदी-इंग्लिश मिसळून बोलतात. "सर, ब्रेक छोडिये" वगैरे. मला ते तेव्हाही खटकायचं. नमस्कार-चमत्कार हव्या त्या भाषेत करा, ब्रेक आणि इंजिन यांची वाक्यं मात्र ठरलेलीच हवीत.

एप्रनवाला

अगदी बरोबर ताई. "ब्रेक" एवढाच शब्द ऐकू आला आणि पुढचा गोंगाटात बुडाला, तर लावले की सोडले? इंजिनाशेजारी उभं राहून हेडसेटवर ऐकलंय त्यांना हे कळेल. मी तर पूर्ण वाक्य ऐकू आलं नाही तर ड्रायव्हरला मुठीची खूण दाखवून थांबवायचो आणि परत विचारायचो.

टगचालक

नमस्कार. मी एरवी इथे नुसता वाचतो, लिहीत नाही. टग चालवतो. आमची बाजू कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

वरचे दोघं आणि हेडसेटवाला बोलतात ते आम्हाला ऐकायला येत नाही. काही ठिकाणी हेडसेटवाला टगवरच बसतो, पण मी जिथे आहे तिथे तो बाजूने चालतो. मला फक्त त्याचा हात दिसतो. हाताचा पंजा उघडा धरून मूठ मिटली म्हणजे ब्रेक लावले. मूठ उघडली म्हणजे सोडले. ही खूण दिसल्याशिवाय मी गिअर टाकत नाही. तो माणूस माझ्या नजरेतून गेला, म्हणजे टगच्या कोपऱ्याआड गेला किंवा चाकाच्या पलीकडे गेला, की मी थांबतो. वरून कितीही घाई असू दे.

दांडा लावून ढकलताना विमानाचं तोंड डावीकडे न्यायचं की उजवीकडे, त्याप्रमाणे टग उलटा वळवावा लागतो. नवीन माणसाला हे जमायला वेळ लागतो. नोजगिअरच्या दरवाजावर लाल रेघ असते. चाक त्या रेघेच्या पुढे वळलं तर विमान थांबवून इंजिनिअरला दाखवायचं, मग तपासणी झाल्याशिवाय ते उडत नाही. हे झालं तर ड्रायव्हरनं लगेच सांगायला पाहिजे. लपवायचं नाही. नोकरी जाईल म्हणून काही जण बोलत नाहीत, पण वर दीडशे-पावणेदोनशे माणसं बसलेली असतात.

पावसात तर विचारू नका. बेवर पाणी, त्यात सांडलेलं तेल. रिकामा टग हलका पडला तर चाकं घसरतात, म्हणून टग मुद्दाम जड बनवतात. हेडसेटवाला रेनकोट घालून पळतोय, त्याच्या हाताला पिवळी बॅटन, म्हणजे इशाऱ्याची दांडी. समोरच्या विमानाचे दिवे काचेवर फुटतात. अशा वेळी खूण मोठी आणि सावकाश केली पाहिजे. छातीजवळ हात हलवला तर दिसत नाही, हात पूर्ण लांब पाहिजे.

२०२२ च्या जानेवारीत मुंबईत जामनगरच्या विमानाजवळ टगला आग लागली होती, बातमी तुम्ही वाचली असेल. सगळे सुखरूप राहिले. पण विमानाला जोडायचा टग पेटला तर सगळ्यात आधी कळतं ते खालच्यांना, वर सांगायचं ते हेडसेटवाल्याने. तेव्हा हेडसेट आधीच कानावर पाहिजे, विमान हलायच्या वेळी घालून चालत नाही.

डावी_सीट

टगचालक दादा, फार मोलाचं लिहिलंत. कृपया लिहीत राहा. लाल रेघेबद्दल जे सांगितलंत त्यासाठी तुमचे आभार मानायला शब्द नाहीत. वर बसून आम्हाला ते चाक दिसतच नाही.

खिडकीची_सीट

टगचालक दादा, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

पोटोमॅककाठी

मी वॉशिंग्टनजवळ राहतो, रोज चौदाव्या रस्त्यावरच्या पुलावरून जातो. म्हणून १३ जानेवारी १९८२ ची एअर फ्लोरिडाची दुर्घटना मला सारखी आठवते. बोइंग ७३७ उड्डाणानंतर लगेच त्या पुलावर आदळून गोठलेल्या पोटोमॅकमध्ये पडलं. ७८ जण गेले, त्यातले चार पुलावरच्या गाड्यांमधले. मुख्य कारण म्हणजे इंजिनाचं अँटी-आइस (बर्फ साचू न देणारी यंत्रणा) चालू केलं नव्हतं आणि पंखांवर बर्फ तसंच होतं.

पण तपास अहवालात पुशबॅकचा भाग वाचण्यासारखा आहे. बर्फावर टगची चाकं नुसती फिरत होती, त्यांना साखळ्या नव्हत्या. मग पायलटांनी रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा झोत उलटा पुढे, लावून विमान मागे घ्यायचं ठरवलं. टगवाल्यानं त्यांना सांगितलं की आमच्या कंपनीच्या धोरणात हे बसत नाही. तरी त्यांनी लावलाच. अर्धा ते दीड मिनिट इंजिनं गरजली, बर्फ आणि पाणी उडालं, विमान हललं नाही. शेवटी साखळ्या लावलेला दुसरा टग आणावा लागला.

अपघात यामुळेच झाला असं मी म्हणत नाही. पण खालच्या माणसाचं म्हणणं ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय त्या दिवशी दारातच दिसली होती, असं मला राहून राहून वाटतं.

विमानवेडा

हे माहीत नव्हतं. रिव्हर्स थ्रस्टने मागे जाणं पूर्वी अमेरिकेत रीतसर चालायचं ना?

पोटोमॅककाठी

हो, पॉवरबॅक म्हणायचे. डीसी-९, एमडी-८० सारख्या विमानांची इंजिनं शेपटीकडे वर असतात, त्यामुळे जमिनीवरचा कचरा आत जायची भीती कमी. इंधन फार जायचं आणि खालच्या माणसांना धोका, म्हणून बंद पडलं. ७३७ ची इंजिनं जमिनीला लागून, तिथे तर विषयच नको.

गोंयकार

देव बरें करूं. दाबोळीबद्दल थोडं. तिथे एटीसी नौदलाची. सकाळी त्यांची विमानं उडत असली की आमच्या प्रवासी विमानांनी थांबायचं. प्रवासी एअरलाइनला बोल लावतात, हेडसेटवाला बिचारा उन्हात उभा, वरून "स्टँडबाय". पुण्यातही तसंच असणार, तिथली एटीसी हवाई दलाची.

बोरीवलीकर

पुण्यावरून आठवलं. मे २०२४ मध्ये पुण्यात एअर इंडियाच्या दिल्लीच्या विमानाची टग ट्रॅक्टरशी टक्कर झाली होती ना? आणि त्याआधी २८ मार्च २०२२ ला दिल्लीत स्पाइसजेटचं जम्मूला जाणारं ७३७ पुशबॅकमध्ये विजेच्या खांबाला लागलं होतं. खांब तर जागेवरून हलत नाही. तरी लागतं कसं?

वाळवंटातली

त्या घटनेच्या तपशिलात मी शिरत नाही, पण साधारण काय होतं ते सांगते. विमान मागे जाताना नुसतं मागे जात नाही, वळतंही. वळताना पंखाचं टोक मोठ्या वर्तुळातून फिरतं आणि हेडसेटवाल्याला ते अंतर नाकापासून तिरकं दिसतं. तिरक्या नजरेला पाच मीटर आणि एक मीटर यांतला फरक कळत नाही. त्यासाठीच विंग वॉकर. तो थेट टोकाखाली असतो. त्यानं दोन्ही बॅटन डोक्यावर फुलीसारखे धरले की सगळ्यांनी थांबायचं, कारण नंतर विचारायचं. आमच्याकडे विंग वॉकर नसेल तर ठरावीक बेवर पुशबॅक सुरूच करत नाहीत.

विमानवेडा

मग कॅमेरे, सेन्सर? आणि टॅक्सीबॉट, म्हणजे विमान धावपट्टीकडे नेणारा टग? २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत एअर इंडियाच्या ए३२० ने टॅक्सीबॉटवर प्रवाशांसकट टॅक्सी केलं होतं. मुंबईलाच येत होतं ते विमान. पायलट स्वतः तो चालवतो, मग खालच्या माणसाची गरज उरते का?

डावी_सीट

टॅक्सीबॉटमध्ये मागे ढकलण्याचं काम खालचा ड्रायव्हरच करतो. पुढे टॅक्सी करताना ताबा पायलटकडे येतो, विमानाची इंजिनं बंद ठेवून. फायदा मोठा आहे, इंधन वाचतं. शिवाय नाकापाशी माणूस असताना इंजिनं चालू नसतात, मला तर हाच फायदा जास्त महत्त्वाचा वाटतो. पण कधीतरी तो सोडवावाच लागतो आणि तेव्हा परत तेच: ब्रेक लावले का, माणूस लांब गेला का, इशारा दिसला का.

एप्रनवाला

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. शेपटीखाली कॅमेरा बसवा, टोकांना सेन्सर बसवा, सगळं चांगलंच. बिनवायरच्या हेडसेटचंही मी स्वागत करतो, वायरमुळे माणूस नाकाला बांधलेला राहतो आणि बिनवायरचा माणूस लांब उभा राहून बोलू शकतो. पण चार्जिंग, बॅटरी, जोडणी तुटली तर काय, हे आधी ठरलेलं हवं.

विजेचा मुद्दा राहिला. मुंबईत मान्सूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट होतो तेव्हा वायरचा हेडसेट विमानाला जोडून उभं राहणं धोक्याचं, कारण विमानावर वीज पडली तर ती वायरीतून कानापर्यंत येते. वीज जवळ आली की रॅम्पवरचं काम थांबवतात. प्रवाशांना वाटतं, पाऊस तर थांबलाय, मग का अडवलंय? कारण ढग अजून डोक्यावर आहे आणि खाली माणसं उघड्यावर आहेत. तेवढा वेळ कृपया केबिन क्रूवर चिडू नका.

खिडकीची_सीट

चिडणार नाही, वचन. शेवटची एक शंका. समजा सगळं झालं, खालचा माणूस निघून गेला आणि मग कळलं की पिन काढायची राहूनच गेली. तेव्हा?

डावी_सीट

टॅक्सी सुरू करताना टिलर फिरवून बघतो, चाक वळत नाही, आणि स्क्रीनवर तो पिवळसर संदेश तसाच. विमान थांबवायचं, पार्किंग ब्रेक लावायचा, एटीसीला सांगायचं की आम्ही इथेच थांबतोय, आणि कंपनीच्या फ्रीक्वेन्सीवरून खालच्यांना परत बोलवायचं. ए३२० मध्ये वर एक बटण आहे, ते दाबलं की नोजव्हीलपाशी भोंगा वाजतो आणि निळा दिवा लागतो. माणूस जवळपास असेल तर त्यालाही कळतं.

एप्रनवाला

आणि भोंगा ऐकला म्हणून धावत सुटायचं नाही, हे मी प्रत्येक नव्या पोराला करून दाखवायचो. आता दोन्ही इंजिनं चालू आहेत. आधी विमानाच्या समोर, बऱ्याच लांब, कॅप्टनला दिसेल असं उभं राहायचं. त्याच्याकडून ब्रेक लावल्याची मूठ बघायची. आपण आत येतोय हे हातानं दाखवायचं, त्यानं मान्य केलं की नाकाच्या समोरून सरळ रेषेत आत जायचं. बाजूने, इंजिनाच्या अंगानं, कधीच नाही. आधी जॅक घालून बोलायचं, मग पिन काढायची, आणि आलो त्याच रेषेनं परत बाहेर यायचं. मग पुन्हा पिन वर धरायची, अंगठा दाखवायचा आणि कॅप्टनचा हात बघायचा.

टगचालक

आणि तोपर्यंत टग बाजूला उभा ठेवायचा, निघून जायचं नाही. लागलाच तर परत जोडता येतो.